पुढून बंद बूट

दुकानदाराने बुटांचे दोन जोड पुढे ठेवले आणि बापाने विचार न करता जाड जोड उचलला. टिकल्या नुकता उड्या शिकू लागलेला कोवळा घोडा. त्याच्या पुढच्या पायांसाठी ही खरेदी. एक जोड नडगीसमोर उघडा, दुसरा चहूबाजूंनी बंद आणि आतून गादीसारखा मऊ.

"मास्तरांनी पुढून उघडे सांगितलेत, बाबा," लेक म्हणाली. "उडीचा आडवा दांडा पायाला लागला की त्याला कळतं, मग पुढच्या वेळी पाय वर घेतो."

"म्हणजे मार खाऊन शिकायचं? तुला कधी बोट तरी लावलंय का मी?"

तिला हसू आलं आणि तिथेच तो जिंकला. जुन्या घोडीची नडगी फुटली तेव्हा ही पोर जेवायची थांबली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हा तर बाप. बापाची काळजी आंधळी असते, वर हट्टीही.

घोडेस्वारी शिकवणारे मास्तर तापाने अंथरुणाला खिळलेले. त्यामुळे रोज सकाळी बूट बापच चढवायचा. सुरुवातीला टिकल्या गुडघे पोटाशी घेऊन उडी मारायचा. हळूहळू दांडे खडाखड पडू लागले. घोड्याला त्याचं काहीच नव्हतं, साधा कानही हलत नव्हता. सराव संपला की बाप बूट काढून नडग्या चाचपायचा. ओरखडासुद्धा नाही! गडी खूश.

"बाबा, हा जरा आळसावलाय का हो?" एकदा लेकीने विचारलं.

"धीट झालाय," बाप म्हणाला. पण त्या दिवशी त्यालाही जेवण गोड लागलं नाही. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

उड्यांच्या चाचणीच्या दिवशी मास्तर शाल गुंडाळून कसेबसे मैदानावर आले. लेकीला पाठीवर घेऊन धावताना टिकल्याने पहिलाच दांडा पाडला. मग दुसरा.

"हे बंद बूट कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," बाप अभिमानाने म्हणाला. "साधं खरचटलंही नाही बघा."

मास्तरांनी बापाचा हात धरला. "अहो, पायाला काही लागतं हेच विसरलाय तो. दांडा पडतो म्हणून निभावलं. शेवटचा ओंडका जमिनीत गाडलाय. तो पडायचा नाही. घोडाच उलटेल, पोरीच्या अंगावर!"

लेक वळण घेऊन ओंडक्याच्या रोखाने निघाली होती, घोडा भरधाव. बाप कुंपण ओलांडून धावला, दोन्ही हात वर करून, घसा फाटेस्तोवर ओरडत.

लेकीला वाटलं, बाबा हुरूप देताहेत. तिने हसून एक हात हलवला आणि टिकल्याला टाच मारली.