बाद केलेले फोटो

एकोणीस मुलं, एकोणीस चष्मे, जिलेटीन कागदाचे अडतीस तुकडे. पटावर तेवीस नावं होती, पण चार जण आले नव्हते. दोघांना ताप होता, एक मामाच्या लग्नाला शेवगावला गेला होता आणि चौथ्याचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. चष्म्यांच्या चौकटी जुन्या लग्नपत्रिकांच्या होत्या. मदतनीस राहीबाईंनी आठवडाभर घरोघर फिरून त्या जमवल्या होत्या. उजव्या भोकावर लाल कागद, डाव्यावर निळा. खोलीला खिडक्या दोन, पण एकीसमोर पोषण आहाराची पोती रचलेली, म्हणजे उजेडाला खिडकी एकच. बुधवार, एकवीस जानेवारी. प्रार्थना साळवेने हे सगळं उपक्रमाच्या वहीत उतरवलं आणि मग मुलांना गोल करून बसवलं.

नगरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली प्रार्थना नेवासा तालुक्यातल्या आपल्याच गावात अंगणवाडी सेविका झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी आठ दिवस अबोला धरला होता. तिला मात्र काम मनापासून आवडलं. चार वर्षांच्या मुलांना ती रंग सांगायची नाही, करून दाखवायची. हळदीच्या पाण्यात नीळ टाकली की हिरवा. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल. मुलं 'आऽऽ' करायची, आणि दरवेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी करायची. पाणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतायला ती मुलांनाच लावायची. त्यात ज्ञानेश्वरीचं अर्धं पाणी कायम सतरंजीवर जायचं. 'हात धसमुसळा आहे, सराव हवा,' असं प्रार्थनाने तिच्या नावापुढे लिहिलं होतं.

"ज्या हाताला हळद लावलीय, तो हात वर करा," प्रार्थना म्हणाली. डावा-उजवा या वयात कळत नाही, म्हणून तिने प्रत्येकाच्या डाव्या तळव्यावर हळदीचं बोट टेकवलं होतं. "आता त्या हातानं त्याच बाजूचा डोळा झाका. काय दिसतंय?"

"लाऽऽल!"

"राहीबाय लाल झाली!" रविराज ओरडला.

"आन् तू लाल माकड झालास," राहीबाई म्हणाल्या. खोली हसून हसून फुटायची वेळ आली.

त्या गलक्यात ज्ञानेश्वरी शांतपणे उठून प्रार्थनाजवळ आली आणि तिचा पदर ओढू लागली.

"बाई, माज्यात लाल न्हाई. माजा कागुद काळा हाय. बदलून द्या."

"येडी! डोळा मिटून घेतलाय तिनं," रविराज म्हणाला. "डोळा उघड की गं, चोट्टे!"

प्रार्थनाने वाकून पाहिलं. डोळा उघडा होता. तिने चष्मा काढून उजेडात धरला. कागद लालच होता. तिने तो ओमच्या डोळ्यांवर लावला. ओमला लाल दिसलं. ओमचा चष्मा ज्ञानेश्वरीला लावला. ज्ञानेश्वरी म्हणाली, "ह्यो पन काळा." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रार्थनाच्या अंगात भिनलेलं होतं. कागद बदलून झाला, चौकट बदलून झाली. आता तिने चष्माच काढून ठेवला आणि स्वतःच्या हाताने पोरीचा डावा डोळा झाकला.

"आता काय दिसतंय, ज्ञानू?"

"रात झाली."

"माझी बोटं किती आहेत?"

"कुटं हायेत बोटं?"

बोटं तिच्या नाकासमोर वीतभर अंतरावर होती. प्रार्थनाने ती हलवली, खिडकीच्या उजेडात नेली. पोरगी गालातल्या गालात हसत वाट पाहत राहिली, बाईंचा खेळ कळेना म्हणून.

"ज्ञानू, या डोळ्यानं तुला दिसत नाही?"

ज्ञानेश्वरीने बाईंकडे नवलाने पाहिलं. एवढी साधी गोष्ट बाईंना कशी माहीत नाही?

"ह्या डोळ्यानं बगायचं नसतंय, बाई. ह्यो नुस्ता आसतो."

बाकीची अठरा मुलं आता निळ्यावर आली होती. राहीबाई निळ्या झाल्या म्हणून पुन्हा हसू फुटलं.

ज्ञानेश्वरीचा बाप अजिनाथ टेम्पोवर कांदा वाहायचा. त्याच दिवशी दुपारी प्रार्थना त्यांच्या घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आई-बाप ज्ञानेश्वरीला घेऊन त्याच टेम्पोतून नगरला गेले. नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून पाहिलं आणि चिठ्ठी लिहून पुण्याला धाडलं. तिथे कळलं की डोळ्याच्या पडद्यावर गाठ आहे. लहान मुलांना होते ती. मेंदूकडे जाण्याआधी डोळा काढावा लागेल. सव्वीस जानेवारीला गावात झेंडावंदन झालं, त्याच्या पाचव्या दिवशी डोळा काढला.

गावाने प्रार्थनाला डोक्यावर घेतलं. सरपंच कारभारी अण्णा स्वतः अंगणवाडीत आले. "बाई, डॉक्टर म्हनला, आनखी दोन म्हयने गेले आसते तर पोरगी हाती लागली नसती. तुमी तिचा जीव वाचवला. ग्रामसभेत शाल-नारळ द्यायचा हाय तुमाला. न्हाई म्हनायचं न्हाई."

प्रार्थनाने नाही म्हटलं. अण्णांना तो विनय वाटला. ते अधिकच खूश होऊन गेले.

तिच्या मोबाईलमध्ये 'बाद' नावाचा एक फोल्डर होता.

प्रत्येक उपक्रमाचे फोटो खात्याच्या अ‍ॅपवर चढवावे लागत. पर्यवेक्षिका मॅडमची ताकीद होती: फोटो स्वच्छ हवा, मुलं कॅमेऱ्याकडे बघणारी हवीत. खोली अंधारी, म्हणून फ्लॅश. फ्लॅशमध्ये मुलांचे डोळे कधी लाल ठिपक्यांसारखे यायचे. ज्ञानेश्वरीचा एकच यायचा लाल. दुसरा यायचा पांढरा, रात्री उजेडात मांजराचा चमकतो तसा. प्रार्थनाने त्याचा विचार केला नव्हता असं नाही. तिने केला होता आणि उत्तरही काढलं होतं: पोरगी जरा तिरकी बसते, फ्लॅश कोनात पडतो, किरण परत येतात. नियम बरोबर होता. तो तिने एकदा राहीबाईंनाही समजावून सांगितला होता. राहीबाई म्हणाल्या होत्या, "आसंल बया, तुमी शिकलेल्या."

मग ती ज्ञानेश्वरीला कडेला बसवू लागली. "ज्ञानू, तू खाली रंगाकडे बघ हं," म्हणू लागली. फोटो स्वच्छ येऊ लागले. मॅडमनी दोनदा शाबासकी दिली. बिघडलेले फोटो मात्र तिने पुसले नाहीत. चुकलेलं रीडिंग खोडायचं नाही, बाजूला ठेवायचं, ही प्रयोगशाळेतली सवय. ते 'बाद'मध्ये जात राहिले. ते सगळे एकाच मुलीचे का आहेत, हे पाहायला तिने तो फोल्डर एकदाही उघडला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी, मुलं घरी गेल्यावर, ज्ञानेश्वरीची आई आली. राहीबाई खिचडीचं पातेलं घासत होत्या. आई दारातच टेकली.

"बसा ना आत. ज्ञानू कशी आहे?"

"खेळती. पट्टी काढाया बगती. म्हनती, बाईंकडं जायचं, चष्मा करायचा." मग म्हणाली, "बाई, एक काम हुतं. पुन्याच्या डॉक्टरनं जुने फोटू मागितल्यात. डोळा पांढरा कवापासनं दिसत हुता, ते बगायचंय म्हनला. धाकटा हाय ना मपला, रांगतोय अजून. त्याचे डोळे पन तपासायचेत. आमच्याकडं कुटले फोटू? ह्यांचा मोबाईल साधा. म्हनलं, तुमी तर रोज काढताय. एकांदा तरी घावंल."

पातेल्यावरचा राहीबाईंचा हात थांबला.

'नाहीत' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. मोबाईलची जागा भरली, पुसून टाकले. आईने ते खरं मानलं असतं, वर चहाही घेऊन गेली असती. प्रार्थनाने मोबाईल हातात घेतला.

"एक नाही," ती म्हणाली. "तेहतीस आहेत."

तिने फोल्डर उघडून मोबाईल पुढे केला. आईने हात पदराला पुसून तो घेतला. एकेक फोटो बोटाने सारत ती पाहत गेली. हळदीच्या वाटीशी ज्ञानू. बिटाचे ठसे उमटवताना ज्ञानू. हिरव्या पाण्यात हात बुडवून हसणारी ज्ञानू. प्रत्येकात एक डोळा लाल, एक पांढरा.

"ह्यात दिसतंय की," आई हळूच म्हणाली. मग पुढचा. "ह्यात बी."

"मला दिसत होतं," प्रार्थना म्हणाली. "मला वाटायचं, फ्लॅशमुळं होतंय. फोटो बिघडला, असं वाटायचं. मी कुणाला विचारलं नाही."

आईने डोकं वर केलं नाही. ती शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्यापर्यंत आली.

"डॉक्टरला तारीक लागती," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "पयला कंचा, त्याची तारीक सांगा. आन् आमी नगरला दावली, ती. मला ल्हेता येत न्हाई. तुमीच ल्हून द्या."

प्रार्थनाने उपक्रमाच्या वहीतलं एक पान फाडलं. दोन्ही तारखा तिने एकाखाली एक लिहिल्या, महिन्यांचे दिवस बोटांवर मोजले, मग कॅलेंडर काढून पुन्हा एकदा मोजले. दोन्ही वेळा एकच आकडा आला. तो तिने खाली लिहिला आणि कागद आईच्या हातात दिला.

पांढऱ्या डोळ्याचा पहिला फोटो: ११ जुलै. डॉक्टरांनी प्रथम तपासलं: २२ जानेवारी. मधले दिवस: १९५.