पूर्वेकडची फांदी

मोठ्या बागेच्या मागच्या टोकाला एक रानपट्टा होता. तिथलं गवत कापायचं नाही, पालापाचोळा उचलायचा नाही, पडलेला ओंडका जागच्या जागी कुजू द्यायचा, असा नियम होता. तो नियम सांभाळण्यात बागेच्या मुख्य माळीणबाईंची अठ्ठावीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. चोपन्नाव्या वर्षी त्यांना 'चिमे' अशी हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांची थोरली बहीण अक्का.

रानपट्ट्याच्या तोंडाशी एक अवाढव्य झाड होतं. वस्तीतले लहानथोर त्याला 'आजोबा' म्हणत. बागेच्या सुधारणेचं काम निघालं आणि नव्या पायवाटेच्या आड नेमके आजोबा आले. अधीक्षकांनी झाड काढायचं ठरवलं, तशी वस्ती पेटून उठली. पेटून उठली म्हणजे अक्काने पेटवली. शाळेतून निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा गेला, तेव्हापासून दोन वर्षं ती खिडकीशी बसून होती. ना धड जेवण, ना कुणाशी चार शब्द. झाडाची बातमी कानावर आली आणि ही उठली, पायांत चपला सरकवल्या आणि घरोघर सह्या गोळा करत सुटली. तीन आठवड्यांत तिने अधीक्षकांना सळो की पळो करून सोडलं.

शेवटी अधीक्षकांनी बाईंना बोलावलं. "झाड धड आहे असं तुम्ही लेखी द्या. पायवाट वळवतो, आणि झाडाभोवती बाकही करतो. तुमच्या बहिणीच्या हातून उद्घाटन. मग तरी माझी पाठ सोडतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लाकडी हातोडा घेऊन गेल्या. बुंधा चहूबाजूंनी ठोकला. आवाज भरीव आला. मग शिडी लावून त्या पूर्वेकडच्या फांदीशी चढल्या. ही फांदी एखाद्या झाडाच्या बुंध्याएवढी जाड, आडवी पसरलेली. सगळी सावली तिचीच. खोडापासून हातभर अंतरावर आवाज बदलला. रिकाम्या पेटीवर ठोकावं तसा. खालच्या अंगाला साल फोडून बुरशीचे कान बाहेर आले होते. बाईंनी एक कान मोडून हुंगला. कुजक्या लाकडाचा वास आला.

संध्याकाळी त्या अक्काकडे गेल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निमंत्रितांच्या याद्या पसरल्या होत्या.

"अक्का, पूर्वेकडची फांदी आतून गेलीय. ती उतरवायला हवी. झाड राहील, पण फांदी ठेवता येणार नाही."

"अगं, ती फांदी म्हणजे अर्धं झाड! ती गेली की नुसता खांब उरेल. मग तुझे अधीक्षक म्हणतील, आता हे तरी कशाला ठेवा."

"खाली बाक होतोय. माणसं बसणार."

"उद्या पडणार आहे का ती?"

"उद्या पडेल की दहा वर्षांनी, ते कसं सांगू?"

"मग एवढा समारंभ होऊ दे. पुढच्या महिन्यात खुशाल उतरव. चिमे, माझ्यासाठी एवढं कर."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अक्काच्या गालांवर रंग आला होता. कपडे इस्त्रीचे होते. बोलता बोलता ती उभ्यानेच काहीतरी खात होती. तिला पुन्हा त्या खिडकीशी नेऊन बसवणं बाईंच्या जिवावर आलं.

अहवालात त्यांनी लिहिलं: 'झाड सुदृढ आहे. एका फांदीची पुढे छाटणी करावी.' सही केली, तारीख घातली आणि कागद देऊन टाकला.

बाकाचं काम एका सुतारबुवांकडे होतं. साठीचा, बोलका माणूस. काम करता करता त्यांची जीभ रंध्यापेक्षा जोरात चाले. "आमची ही म्हणते, घरची खुर्ची तीन पायांवर उभी आहे, ती आधी नीट करा, मग जगाला बसवा," असं सांगून ते स्वतःच खो खो हसत.

बाई रोज तिथे चक्कर मारत. एकदा त्यांनी धीर केला. "सुतारबुवा, बाक पश्चिमेच्या बाजूलाच केला तर? अर्धाच."

"अर्धा? लोक म्हणतील, सुतार अर्ध्यात पळून गेला!"

बाई हसल्या. कारण सांगायला जीभ रेटेना. सांगितलं असतं तर बाक थांबला असता, समारंभ थांबला असता, कागदही पुन्हा उघडला असता. त्या रानपट्ट्यात निघून गेल्या आणि दिवसभर नको तेवढं तण उपटत राहिल्या.

समारंभ दुपारी चारला होता. वारा अजिबात नव्हता. पताका सरळ लोंबत होत्या. पितळी वाद्यांचं पथक आलं होतं, दीडदोनशे माणसं जमली होती. अधीक्षकांचं भाषण झालं. अक्काने फीत कापली, तेव्हा टाळ्या थांबेचनात. तिने माइक हातात घेऊन सांगितलं, "या बाकावर पहिला मान आमच्या सुतारबुवांचा."

सुतारबुवा लाजले, मग पूर्वेच्या बाजूला जिथे गार सावली होती तिथे ऐटीत बसले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा, हलत नाही!"

जाडं कापड टरकावं तसा आवाज झाला. बाईंनी तो सर्वांच्या आधी ओळखला. तोंडातून "उठा!" बाहेर पडायच्या आत फांदी खाली होती.

पथक वाजायचं थांबलं. पथकातल्या पलीकडच्या माणसाला काही दिसलं नव्हतं, तो एकटाच पाच-सहा सूर वाजवत राहिला. मग एकच कल्लोळ झाला. आठ-दहा माणसांनी जोर लावला, फांदी तसूभर हलेना. बाईंनी धावत जाऊन करवत आणली आणि स्वतः कापायला बसल्या. ढोलवाल्याचा हात मोडला होता, त्याला बाजूला नेलं. सुतारबुवांचा चेहरा पानांत झाकला होता. फक्त एक हात बाहेर होता. बाई कापत होत्या आणि त्या हाताकडे बघत होत्या. रुग्णवाहिका येण्याआधीच त्यांना कळलं, की आता घाई करण्यात अर्थ नाही. तरी त्या कापतच राहिल्या.

आठवड्याने चौकशी बसली. व्हरांड्यात अधीक्षकांनी बाईंना गाठलं. "वारा नव्हता, पाऊस नव्हता. धडधाकट फांदीसुद्धा कधी कधी अशी अचानक पडते. तेवढंच सांगा. तुमचंही निभेल, माझंही."

आत गेल्यावर कारकुनाने आधीचे जबाब वाचून दाखवले. अक्काचा जबाब एका ओळीचा होता: 'फांदी धोक्याची असल्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं.'

बाईंचे कान तापले. मग त्यांनी सगळं सांगितलं. हातोड्याचा आवाज, बुरशी, वास.

"मग अहवालात का लिहिलं नाहीत?"

"लिहवलं नाही."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अक्का बाहेर बाकड्यावर बसली होती. दाराच्या काचेतून तिचा खांदा दिसत होता.

"ठोकून मी पाहिलं होतं. सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "तेवढंच लिहा."

तिथून त्या थेट सुतारबुवांच्या घरी गेल्या. त्यांची बायको अंगणात लाकडाच्या फळ्या एकावर एक रचत होती. बाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"वहिनी, फांदी पोकळ आहे हे मला ठाऊक होतं."

तिने हातातली फळी खाली ठेवली. "किती दिवस?"

"एकवीस."

"एकवीस दिवस ते रोज तिच्याखाली बसून जेवले. डबा मी भरून देत होते. घरी येऊन सांगायचे, काय गार सावली आहे." तिचा आवाज जराही चढला नाही. "तुम्ही बघायचात त्यांना जेवताना?"

"हो."

"मग आता कशाला आलात?"

तिने खाली ठेवलेली फळी उचलून इतर फळ्यांवर रचली.

"तुमचं ओझं माझ्या दारात टाकायला आलात. टाकलंत ना? आता जा."

बाईंची नोकरी गेली. आजोबांना पाडलं, तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नाही, पण त्या कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. बुंधा आडवा झाला. आतलं लाकूड पांढरं, निकोप होतं. ती एक फांदी वेळेवर उतरवली असती, तर झाड आणखी दोन पिढ्या उभं राहिलं असतं. पुढच्या आठवड्यात रानपट्ट्यावर गवतकापणीचं यंत्र फिरलं. कुजके ओंडके ट्रकमध्ये भरून नेले. आता धोका नको, असं फलकावर लिहिलं होतं.

तीन महिन्यांनी अक्का आली. जिने चढून तिला धाप लागली होती. बाईंनी पाणी दिलं.

"चिमे, तू माझं नाव घेतलं नाहीस."

"नाही."

"मला खरंच आठवत नाही गं, तू मला सांगितल्याचं. खूप आठवून पाहिलं." ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होती, जणू तिथे काही लिहिलेलं सापडेल. "सांगितलं होतंस का?"

अक्काचे कपडे चुरगळलेले होते. मनगटं काडीसारखी झाली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "नव्हतं सांगितलं."

अक्काने मान हलवली. पेला जपून टेबलावर ठेवला, उठली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. तिला धरायला जावं असं बाईंच्या मनात आलं, पण पाय उचलेना. खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत त्या तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.