चादर धरणारी

"झालं का हो? हात भरून आलेत माझे."

आईचा हा आवाज अजून कानात आहे, चादरीमागून येणारा. चेहरा मात्र आठवत नाही. डोळे मिटले की आधी चादरच दिसते.

बाबा फोटोग्राफर, पण दुकान नसलेले. खांद्याला कॅमेरा अडकवून घरोघर फिरायचे. लोकांच्या भिंतींचे पोपडे फोटोत येऊ नयेत म्हणून मागे एक राखाडी चादर लागायची, आणि ती ताणून धरायला आई. हात पसरून, चादरीआड, श्वास धरून.

आता बाबा खाटेवरच असतात. गिऱ्हाइकांनी न्यायच्या राहून गेलेल्या फोटोंची पत्र्याची पेटी त्यांच्या खाटेखाली आहे. सुट्टी आली की मी ती उपसत बसते.

नव्या सायकलीशेजारी ताठ उभा पोस्टमन, सायकलीला बोट न लावता. मांडीवर तान्ह्यासारखा रेडिओ घेतलेली शिंपीण. उसन्या कोटात बुडालेला नवरदेव. दात पडल्याचं कुणाला कळू नये म्हणून ओठ मिटून हसणारा न्हावी. सगळ्यांच्या मागे तीच चादर, आणि चादरीच्या दोन्ही कडांना चार-चार बोटं. एवढीच माझी आई.

"साऱ्या गल्लीची थोबाडं काढलीस दादा, घरचं तेवढं राहिलं," शेंगा सोलता सोलता आत्या म्हणाली.

"तू गप बस. तुझे चार काढलेत."

"चारही डोळे मिटलेले!"

"उघडायला सांगून सांगून घसा बसला माझा."

मी हसले नाही. "आईचा एक काढला होता," मी म्हणाले. "आत्या, चादर आपण दोघींनी धरली होती. आठवतंय?"

आत्याचा हात थांबला. "न आठवायला काय झालं? दुपारभर वेणी घालत होती."

मी तेव्हा स्टुलावर चढून एक टोक धरलं होतं. पलीकडे आई उभी होती, निळी साडी नेसलेली, पण चादरीमुळे मला दिसत नव्हती. तिचं दाबलेलं हसू ऐकू आलं. बाबांचं "हनुवटी वर" ऐकू आलं. मग खट्.

त्यानंतर ती कितीदा तरी विचारायची, "फोटो धुऊन आला का हो?" आणि बाबा म्हणायचे, "गिऱ्हाइकांचं काम तुंबलंय, देतो धुवायला." पुढे म्हणायचे, "कुठेतरी पेटीत असेल." अंथरुणाला खिळली तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. "सापडला की दाखव गं. कशी दिसत होते ते बघायचंय एकदा." सापडला नाही. ती गेली.

आता मी तिच्या त्या वयाची झालेय. आरशात बघते, पण कुणाशी ताडून बघू? आत्या म्हणते तिचं नाक सरळ होतं, बाबा म्हणतात बसकं.

पेटीचा तळ लागला. तळाशी गंज आणि एका अनोळखी बाळाचं बारसं.

"उद्या माळ्यावरची पेटी काढते," मी म्हटलं. "तिथे नसला, तर तुमचे रोल धुऊन द्यायचा त्याच्या मुलाकडे जाऊन येते. त्याच्याकडे जुन्या फिल्म आहेत म्हणे."

"नको जाऊस," बाबा म्हणाले.

"का? लांब नाही काही."

ते भिंतीकडे तोंड करून होते. आत्याने शेंगांची परात बाजूला सरकवली.

"दादा?"

"त्या दिवशी रोल संपला होता," बाबा म्हणाले. "सकाळच्या लग्नातच. कॅमेरा रिकामा होता. पण ती दारातून अशी नटून आली, की मला सांगवेना. नुसतं बटण दाबलं."

मी पेटीचं झाकण लावलं.

"दुसऱ्या दिवशी तरी काढायचा होतात, बाबा."

"कसा काढणार? रात्री तिने विचारलं, चांगला आला असेल ना? मी म्हटलं, तुझ्याइतका सुंदर फोटो आजवर कुणाचा आला नाही."