झंपराची चिंधी

"कुठं चालले, डोमाजी?"

मी दुकानातून मुद्दाम ओरडलो. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की काम फिसकटतं, हे आमच्या हिंगणीत शेंबडं पोरही जाणतं. डोमाजीनं गळ खाली ठेवला, घरात जाऊन घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा निघाला.

"तुही खोड काई जात नाई, बंडू."

दर रविवारचं हेच. डोमाजी शिंपी, मी शेजारचा सायकलवाला. मी धरणावर दिवसभर बसून बोटभर मासोळ्या आणायचो. हा रानात घुसून कुणालाच ठाऊक नसलेल्या तळ्यावर जायचा आणि हातभर मरळ आणायचा. वर आमच्याकडं वाटीभर कालवण पाठवायचा! माझी बायको सुलोचना काटे चोखत म्हणायची, "मासा धरावा तं डोमाजीनंच." मी माझी वाटी बाजूला सारायचो.

मग मी सूड उगवायचो. वर्षभरापासून तो सुईत दोरा माझ्याकडूनच ओवून घ्यायचा. एकदा पांढऱ्याऐवजी हिरवा दिला. सरपंच बापूजींच्या पांढऱ्या सदऱ्याला हिरवी शिवण! गाव आठ दिवस हसलं.

एक्याऐंशी सालच्या त्या रविवारी मी त्याच्या मागं निघालो. रानात झुडपांना चिंध्या बांधलेल्या. त्याच्याच दुकानातली कातरणं, वाटेच्या खुणा! मी एकेक सोडून खिशात कोंबत गेलो. पुढच्या रविवारी कसा येतो, बघूच. शेवटच्या मोहाच्या झाडाला पिवळ्यावर जांभळ्या फुलांची चिंधी होती. सुलोचनाच्या झंपराची! ती तर मी हिसडून काढली.

पुढं तळं. डोमाजी गळ टाकून बसलेला.

"आला का?" मागं न पाहताच म्हणाला.

"माह्या बायकोच्या झंपराचा तुकडा रानात काऊन टांगला बे?"

"तुले वळखू यावा म्हणून. बाकीच्या माह्यासाठी, थे तुह्यासाठी." मग हळूच म्हणाला, "मले धड दिसत नाई आता, चिंध्या चाचपत येतो. शिंप्याचे डोळे गेले, हे गावाले कळलं तं कपडा कोण देईन? तुले सांगतलं असतं तं तू बोंबलत फिरला असता. म्हटलं, जळत जळत येशीनच एखाद दिवस. मंग इथं तूच आणत जाजो मले."

त्यानं गळ गुंडाळला, धरलेली मरळ खांद्यावर टाकली.

"चाल. चिंध्या पाहत जाऊ."

माझा हात खिशावर गेला. आता मलाही वाट ठाऊक नव्हती.

मी पाऊल उचलेना, तसं त्याला कळलं. शिवी नाही, काही नाही. हात पुढं केला. "दे."

त्यानं चिंधी बोटांत चोळली. "पापलीन. बापूजीचा सदरा. फुटक्या वारुळाजवळची बोर. दिसते का?"

"दिसते."

"बांध. दुसरी दे. हे खादी. वाकडा पळस."

तो सांगत गेला, मी बघत आणि बांधत गेलो. मरळ त्याच्याच खांद्यावर होती, माझ्यापेक्षा ऐटीत.

सोमवारी तो सुई घेऊन आला. "पांढरा ओव."

मी ओवला.

त्यानं दोरा बोटांनी चाचपला. बोटांना कापड कळतं, रंग कळत नाही. तरी त्यानं रंग विचारला नाही. मशीनवर बसला आणि शिवायला लागला.