सहावा कप

दुखरी दाढ. तिच्यात लवंगेच्या तेलाचा बोळा.

सहा पांढरे कप, प्रत्येकाखाली एक उलटी चिठ्ठी.

लग्नातला कोट. बटणं जीव मुठीत धरून.

पितळी पिकदाणी.

मालकांची एकुलती एक मुलगी. ती इथे नाही, पण सगळं तिच्यामुळेच.

आता जोडून सांगते. आमच्या चहाच्या कारखान्यात मुख्य चाखणाऱ्याची खुर्ची रिकामी झाली. मसाल्याची मिश्रणं अकरा वर्षं मी करते आहे, खुर्ची मला हवी होती. ती जावईबापूंनाही हवी होती. बसायला त्यांना कुठलीही चालते. मालक म्हणाले, "दोघं चाखा. ज्याची जीभ खरी, त्याची खुर्ची." कप त्यांनी स्वतः भरले. पाच मसाल्याचे, एक साधा. साधा कप नेहमी असतोच, थापा मारणारे पकडायला. कोणता, ते चाखणाऱ्याला सांगत नाहीत.

जावईबापूंनी लग्नातला कोट सावरत सुर्रकन ओढलं, डोळे मिटले.

"लवंग."

"सुंठ," मी म्हणाले. "जुनी, वास उडालेली."

"दोन. लवंग, पण लाजरी."

"वेलदोडा."

"तीन. धाडसी लवंग. बाई, लिहून घ्या हे."

"गुलाबपाकळी, वर चिमूटभर दालचिनी."

चौथ्यात त्यांना विचारी लवंग सापडली, पाचव्यात घरंदाज. मला बडीशेप आणि गवती चहा. सहाव्याला त्यांनी हातच जोडले. "इथे तर लवंगेचा कळस!"

"सहावा साधा आहे," मी म्हणाले.

मालकांनी एकेक चिठ्ठी उलटली. सहावी उलटायला जरा वेळ लावला. साधा.

"मामा, कप नीट धुतलेले नाहीत."

"कप मी धुतले."

"मग पाणी."

"जावईबापू," मी म्हणाले, "दाढेतला बोळा काढा आणि पुन्हा चाखा. मला तुमचा वास जिन्यातूनच आला होता."

"दाढ माझी खासगी बाब आहे!"

मालकांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता. "बाई, तुमचे सहाही बरोबर. वादच नाही. पण नुसतं बरोबर असून भागत नाही हो. 'लाजरी लवंग' तुम्हाला सुचलं असतं का?"

"नाही. मला वेलदोडा लागला ना."

"तेच तर म्हणतोय मी."

जावईबापूंनी गालावर हात ठेवून नम्रपणे मान लववली. कळ आली असावी.

मी सहावा कप उचलला, तोंडभर घोट घेतला आणि पिकदाणीत टाकला. चहा चांगला होता, उगाच खोटं का बोलू.

खुर्चीमागे जावईबापूंच्या नावाची पाटी सोमवारीच ठोकली होती. चाचणी गुरुवारी झाली.