झाकणावरचे नाव

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच कीव करू नका, मित्रांनो. माझे झाकण आजही इतके घट्ट बसते की उघडायला दोन्ही अंगठे लावावे लागतात. अंगावर पोचा म्हणाल तर एकच आहे, आणि तो कोणी पाडला हे मी सांगणारच आहे. सुशिक्षित माणसांबद्दल मला फारसा आदर नाही. का नाही, तेही सांगतो.

१९८१ साली ठाण्याच्या बाजारात एका आईने लेकीच्या लग्नासाठी मला विकत घेतले. दुकानदाराने नाव घालायचे यंत्र काढले आणि माझ्या झाकणावर टोचून टोचून अक्षरे उमटवली : सौ. गिरजाबाई किसन भोईर, मु. करावे, जि. ठाणे. फार दुखले. पण त्या दिवसापासून मी कोणाचा तरी झालो. भांड्यावर नाव कशासाठी घालतात? चार घरी गेलेले भांडे फिरून आपल्या घरी यावे म्हणून. गिरजाबाई शाळेत गेली नव्हती, तरी तिला हे ठाऊक होते. पदवी घेतलेल्यांना ते ठाऊक नसते, हे मला पुढे कळले.

गिरजाबाईचा नवरा किसन खाडीत होडी घालायचा आणि ती मासळीची पाटी घेऊन नेरूळच्या नव्या इमारतींमध्ये फिरायची. मी सणासुदीला कामाला यायचो. गावदेवीची जत्रा झाली की ती माझ्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचे सुके भरायची आणि मला कोणाकडे तरी पाठवायची. मी जायचो आणि परत यायचो. रिकामा मात्र कधी आलो नाही, कारण दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. कोणी माझ्यात लाडू घातले, कोणी पेरू घातले. एका बाईच्या घरात त्या दिवशी काहीच नव्हते, तिने चिमूटभर साखर घातली. गिरजाबाईने ती साखर जिभेवर ठेवली आणि खूश झाली. माझे ते दिवस फार चांगले होते.

१९९५ च्या जत्रेनंतर मी नेरूळच्या सुधीर आणि वैजयंती यांच्या घरी गेलो. वैजयंती गिरजाबाईचे कायमचे गिऱ्हाईक. सुधीर रबाळ्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात होता. दोघांनी उभ्याउभ्याच भाकऱ्या संपवल्या, बोटे चाटली आणि मला घासून ओट्यावर ठेवले. मग वैजयंती म्हणाली की रिकामा कसा द्यायचा, दिवाळीच्या चकल्या घालून देऊ. दिवाळीत चकल्या मऊ पडल्या. मग ठरले की गणपतीत मोदक घालू. गणपतीत पाहुणे आले. दरम्यान माझ्यात रवा शिरला, आणि एकदा रवा शिरला की डब्याचे माहेर सुटले म्हणून समजा. ज्या रीतीने मी घरी परत जायचो, त्याच रीतीचे निमित्त करून या बाईने मला तीन वर्षे अडकवून ठेवले. चिमूटभर साखर तिच्या घरात नव्हती का? किलोने होती. पण साखर घालून डबा देणे तिला कमीपणाचे वाटत होते. गिरजाबाई रोज दारात यायची, पापलेट निवडून द्यायची, पण डबा मागायची नाही. डबा मागणे म्हणजे दिलेले अन्न परत मागणे, असे ती मानायची.

१९९८ च्या मे महिन्यात सुधीरला कंपनीचे बक्षीस मिळाले. दहा वर्षांत त्याने एकही रजा घेतली नव्हती. याचे कौतुक म्हणून त्याला रजा मिळाली! दोघांसाठी चार दिवस, गोव्याच्या अलीकडे समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये. राहणे, खाणे, पिणे, सगळे त्यातच. सुधीरने ते पत्र सोसायटीत चार जणांना वाचून दाखवले आणि पाचवा भेटेना म्हणून वॉचमनला दाखवले. वैजयंतीने माझ्यातला रवा काढून चिवडा भरला. सगळे खाणे फुकट असलेल्या ठिकाणी ही माणसे घरचा चिवडा घेऊन निघाली होती. का, तर तिथे चहाबरोबर काही मिळाले नाही तर!

रिसॉर्टच्या दारातच दोघांच्या मनगटांवर पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधल्या. पट्टीवर खोलीचा नंबर होता. पट्टी दाखवायची आणि हवे ते खायचे. मित्रांनो, मी डबा आहे. भरणे हेच माझे काम आहे. पण मलाही एक माप आहे, त्यापुढे झाकण लागत नाही. या दोघांना माप नव्हते. सुधीरचे म्हणणे असे की जे खाल्ले नाही ते बुडाले. म्हणून सकाळी इडली, पुरीभाजी आणि केक एकाच ताटलीत. अकराला भजी. दीडला जेवण, त्यात तीन वेळा आइस्क्रीम. त्याला पपईचा रस आवडत नाही, तरी त्याने चार ग्लास घेतले आणि तोंड वाकडे करत संपवले. समुद्र खिडकीतून दिसत होता. चार दिवसांत ते एकदाच वाळूवर गेले, तेही नाश्ता आणि भजी यांच्यामधल्या वेळात. सुधीर बूट घालूनच उभा राहिला आणि घड्याळ बघत म्हणाला की चला, गरम आहेत तोवर.

तिथे जेवणघरात काशी नावाची बाई उष्ट्या ताटल्या उचलायची. ती जवळच्याच वाडीतली. नवरा वारला होता, घरात म्हातारी सासू होती आणि दोघींचे पोट या नोकरीवर चालत होते. हे तिने वैजयंतीला स्वतःच सांगितले होते, कारण दुसऱ्या दिवशी वैजयंतीचे पोट बिघडले तेव्हा तिने आपल्या घरून आमसुलाचे सार करून आणले होते. फुकटाच्या एवढ्या पदार्थांत वैजयंतीला उतार पडला तो त्या वाटीभर साराने.

निघायच्या दिवशी सकाळी वैजयंतीला एकदम माझी आठवण झाली. चिवडा संपला होता, मी रिकामा होतो, आणि समोर टेबलभर काजूच्या वड्या मांडल्या होत्या. तीन वर्षांचा प्रश्न एका फटक्यात सुटला. गिरजाबाईचा डबा भरूनही जाईल आणि घरचे काही खर्चही होणार नाही. मला ओशाळल्यासारखे झाले. सुधीरने पंचवीस-तीस वड्या माझ्यात कोंबल्या. जेवण बाहेर नेऊ नये, अशी पाटी त्याच्या डोक्यावरच लटकत होती. तेवढ्यात मॅनेजर श्यामसुंदर टेबलाकडे येताना दिसला. सुधीर घाबरला. शेजारी काशीची उष्ट्या ताटल्यांची ढकलगाडी उभी होती. त्याने मला त्या गाडीवर ढकलले आणि वर रुमाल टाकला. गाडीचा लोखंडी कोपरा मला लागला. हाच तो पोचा.

श्यामसुंदरने तो आवाज ऐकला. त्याने रुमाल उचलला, झाकण उघडले आणि काशीकडे पाहिले.

"हो डबो माजो न्हय," काशी म्हणाली. "ह्येंच्या टेबलार होतो."

मॅनेजरने अदबीने वाकून सुधीरला विचारले, "सर, हा डबा आपला आहे का?"

"झाकणावर नाव आहे ना? वाचा की," सुधीर म्हणाला. "आमच्यात कुणी गिरजाबाई नाही."

बघा, यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली. मी ज्याच्या हातात सापडेन त्याने मला माझ्या घरी पोचवावे, म्हणून ते नाव टोचलेले होते. या माणसाने त्याच नावाआड तोंड लपवले. वैजयंती आपल्या ताटलीकडे बघत बसली. आमसुलाचे सार प्यायलेली तीच वैजयंती.

श्यामसुंदरला वाचता येत होते. झाकणावर जिल्हा ठाणे लिहिलेले होते, आणि ठाण्याकडची माणसे त्याच्या समोर बसली होती. पण पाहुण्याला चोर म्हणणे त्याला परवडणारे नव्हते. काशीला म्हणणे सोपे होते. त्याने वड्या कचऱ्यात ओतल्या, मला तिच्या हातात दिले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. सुधीर आणि वैजयंती दुपारच्या जेवणापर्यंत थांबले, कारण ते जेवणही त्यातच होते.

काशी मला घेऊन घरी गेली. तिला वाचता येत नव्हते. शेजारचा जोतीराम आंब्यांच्या पेट्या घेऊन ट्रकने वाशीच्या बाजारात जायचा, त्याने तिला माझ्यावरचे नाव वाचून दाखवले. तिची नोकरी माझ्यामुळे गेली होती. तिने मला विहिरीत फेकले असते तरी मी काही म्हणालो नसतो. तिने मला राखेने घासले. मग घरात शोधाशोध केली आणि वर्षाची साठवलेली आमसुले होती, ती अर्धी काढून माझ्यात भरली. दुसऱ्याचा डबा रिकामा कसा पाठवायचा, एवढेच ती सासूला म्हणाली. झाकण लावताना तिचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी जोतीराम विचारत विचारत करावे गावात पोचला. तीन वर्षांनी मी गिरजाबाईच्या हातात आलो. तिने पोच्यावरून बोट फिरवले. जोतीरामने घडले ते सगळे सांगितले. किसन चिडून उठला, पण तिने त्याला खाली बसवले. आमसुले काढून ठेवली, मला पुसले आणि जोतीरामला दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायला सांगितले.

सकाळी ती पाटी न घेता, नुसता मला घेऊन नेरूळला गेली. दार सुधीरने उघडले. मित्रांनो, त्याच्या मनगटावर ती पिवळी पट्टी अजून होती! आंघोळीतही त्याने ती काढली नव्हती. गिरजाबाई आत गेली आणि तिने मला वैजयंतीच्या ओट्यावर ठेवले. वैजयंतीने झाकणाकडे पाहिले आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"वैनी, त्या बाईची नोकरी गेली, तरी तिनं डबा रिकामा नाय धाडला," गिरजाबाई शांतपणे म्हणाली. "आता मी हितं बसते. या डब्यान तिची नोकरी घाला, तसं लिवून द्या, मंग मी उठते."

आणि ती खरोखरच भिंतीला टेकून खाली बसली.

सुधीरने सुरुवातीला ऐकूच आले नाही असे केले. मग बायकोला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "चार वड्यांसाठी लेखी द्यायचं? कंपनीत कळलं तर काय अब्रू राहील? ती बसून बसून जाईल. टेन्शन घेऊ नको."

अब्रू! ती त्याने उष्ट्या ताटल्यांच्या गाडीवर कधीच ठेवून दिली होती.

वैजयंतीने हिशेबाच्या वहीतला कागद फाडला. "डब्यावरचं नाव पुढे केलंत तेव्हा मी गप्प बसले," ती म्हणाली. "आता निदान माझं नाव तरी लिहू दे."

वड्या आम्ही घेतल्या, डबा आमच्याबरोबर आला होता, काशीचा काही दोष नाही, एवढेच तिने लिहिले आणि खाली पूर्ण नाव, पत्ता घातला. मग स्वयंपाकघरातली कात्री घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. सुधीरने हात मागे घेतला. गिरजाबाई नुसती बघत होती. शेवटी त्याने हात पुढे केला आणि पट्टी कापली गेली. खोलीचा नंबर असलेला तो पुरावा पत्राबरोबर माझ्यात पडला. वैजयंतीला मी माफ केले असे समजू नका. पण चांगले काम होते ते चांगलेच म्हटले पाहिजे.

गिरजाबाईने पत्राखाली माझ्यात सुकी कोलंबी भरली आणि मी जोतीरामच्या ट्रकमधून पुन्हा कोकणात गेलो. काशी मला घेऊन सगळ्या कामगारांसमोर श्यामसुंदरकडे गेली. पत्र त्याला मोठ्याने वाचावे लागले. सही, पत्ता आणि पट्टी समोर असताना त्याने काशीचे नाव पुन्हा हजेरीत घातले. दुसऱ्या दिवसापासून काशी कामावर आली.

आता मी दर आंब्याच्या दिवसांत काशीच्या वाडीत जातो आणि परत येतो. जाताना सुकी मासळी, येताना आमसुले. त्या दोघी अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी फळीवर, माळ्यावर दुसऱ्याच्या नावाचा डबा असेल, तर तो आजच उतरवा. झाकणावरचे नाव वाचा. भरायला काही नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण त्याला त्याच्या घरी जाऊ द्या. तुम्ही मोदकांची वाट बघत बसाल आणि तेवढ्यात कोणाची तरी भाकरी जाईल.

वैजयंतीचे काय झाले, असे विचाराल. गिरजाबाई अजून तिच्या दारात जाते, अजून पापलेट निवडून देते. पुढच्या जत्रेला तिने वैजयंतीला भाकऱ्याही दिल्या. गरम होत्या, नेहमीसारख्याच मऊ होत्या. फक्त त्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. वैजयंतीने त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि कितीतरी वेळ ती त्या कागदाकडे बघत राहिली. कागद परत द्यावा लागत नाही.