वाजवणारीला सूट

आधी एक सांगून टाकते, मित्रांनो. मी कपाट नाही, मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि बोटांनी सूर काढायचे, तेव्हा मी बोलते. हल्ली उपासनेला आलेली मुलं माझ्यावर टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात, म्हणून सांगावं लागतं.

मला एका सुताराने घडवलं. तो कामात गुणगुणायचा आणि तासता तासता मध्येच थांबून फळीला कान लावायचा. भात्याला चामडं लावून त्याने पहिल्यांदा हवा भरली, तेव्हा मला जाग आली. की मी तेव्हाच स्वप्नात शिरले? मला अजून नीट सांगता येत नाही. मग मला या छोट्या चर्चमध्ये आणून खिडकीशी ठेवलं. पाळकसाहेबांनी माझ्या झाकणावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मला देवाला वाहिलं. वाहिलं म्हणजे काय, ते मला कुठलं ठाऊक! मला वाटलं, आता उचलून आणखी कुठंतरी वाहून नेणार. मी आपली कितीतरी दिवस तयारीत बसले होते.

माझी वाजवणारी होती शिवणताई. ती कपडे शिवायची, म्हणून हे नाव. दिवसभर पाय शिलाई मशीनवर, त्यामुळे पहिल्याच रविवारी तिने माझ्या भात्याच्या दोन्ही फळ्या एकदम दाबल्या आणि एकदम सोडल्या. अहो, माझ्या फळ्या आळीपाळीने दाबायच्या असतात! मला गाणं संपेपर्यंत उचक्या लागल्या. उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या पाळकबाई, म्हणाल्या, "अगं, तू गाणं वाजवत होतीस की बाही शिवत होतीस?" सगळ्यांत जास्त शिवणताईच हसली.

मग ती रोज दुपारी सरावाला येऊ लागली. रिकामी बाकं, खिडकीतून येणारं ऊन, त्यात हळूहळू तरंगणारी धूळ, आणि माझ्या पोटात येऊन जाणारी हवा. शेजारी तिची धाकटी बहीण उभी राहून खालच्या पट्टीत गायची. त्या दुपारी मला वाटायचं की कुणी वाजवत नाहीये, कुणी गात नाहीये, खोलीच झोपेत श्वास घेतेय. मी फार सुखात होते.

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा समर्पणाची उपासना होते. शेवटच्या गाण्याला एकेक जण उठून वेदीसमोर जातो, गुडघे टेकतो आणि आपलं आयुष्य नव्याने देवाच्या हाती देतो. मनात धरून ठेवलेला राग, गर्व, जे काही सुटत नसेल ते तिथं सोडायचं आणि हलकं होऊन परतायचं. खाली मान घालून गेलेली माणसं वर बघत परत येताना मी पाहिली आहेत. सगळे जातात. फक्त एक जण जात नाही, कारण गाणं चालू ठेवायला कुणीतरी हवंच. "वाजवणारीला सूट," असं मंडळी कौतुकाने म्हणायची. "तिनं तर स्वतःला वाहूनच घेतलंय!" कुणाला वाहून घेतलंय, देवाला की मला, हे कुणी विचारलं नाही. मलाही तेव्हा ते ऐकायला गोड वाटायचं.

पुढे ती सूट ताईच्या फार सोयीची झाली. झालं असं की त्यांची आई आजारी पडली. ताईने तिचं सगळं केलं. धाकटी दूर नोकरीला होती, ती पोचेपर्यंत आई गेली होती. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीला ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "आलात? कुणीतरी पाहुण्यांना पाणी द्या." सख्ख्या धाकट्या बहिणीला 'आलात'! एखादी थप्पड परवडली असती. धाकटी पुढे इथंच राहायला आली, पण बसायची शेवटच्या बाकावर आणि आशीर्वाद होताच निघून जायची. माझ्या डोक्यावर एक छोटा आरसा आहे, मागे उभे असलेले पाळकसाहेब वाजवणारीला दिसावेत म्हणून. ताईने तो इतका तिरका केला की त्यात शेवटचं बाक दिसेनासं झालं. ती पूर्वीपेक्षा सुरेख वाजवू लागली. पण तिचे पाय आता मला ओझ्यासारखे लागायचे. वर्षानुवर्षं सगळी मंडळी पुढे जाऊन येत राहिली आणि ताई स्टुलावरून हलली नाही.

एकदा समर्पणाच्या उपासनेआधी पाळकबाई फुलं लावायला आल्या आणि म्हणाल्या, "ताई, धाकटीच्या नवऱ्याची बदली झालीय. या आठवड्यात जातायत. सामानसुद्धा बांधून झालंय."

"बरं," ताई म्हणाली.

"बरं काय, बरं? एवढंच?"

"त्यांना सुखाचा प्रवास सांगा." आणि तिने इतक्या जोरात फळ्या दाबल्या की मी किंचाळलेच.

उपासनेत पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "देवाला तुमच्या हातातलं काम नकोय. त्याला तुम्ही हवे आहात. ज्या कोपऱ्यात तुम्ही कुणालाच येऊ देत नाही, त्या कोपऱ्यासकट." शेवटचं गाणं सुरू झालं. माणसं उठू लागली. ताई वाजवत होती, पण तिची बोटं गार पडली होती. आणि गाणं अर्ध्यावर आलं असताना माझ्या भात्याचा पट्टा तुटला. मी मुद्दाम केलं का, म्हणाल. पेटीला कुठलं आलंय मुद्दाम! पट्टा जुना होता, इतकंच.

ताई फळ्या दाबत राहिली. दाबतेय, दाबतेय, पण माझ्यातून हूं की चूं नाही. गाणं मात्र थांबलं नाही. मंडळी माझ्याशिवाय गात होती, थोडी बेसूर, पण गात होती. शेवटच्या बाकावरून खालच्या पट्टीतला एक आवाज सगळ्यांना सांभाळून घेत होता. ताईने हात मांडीवर घेतले. तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि म्हणण्यासारखं फार होतं. ती उठली, पण वेदीकडे गेली नाही. उलट दिशेने चालत शेवटच्या बाकापाशी गेली.

"सरक गं," ती म्हणाली. "आणि माझं चुकलं. त्या दिवशी फार चुकलं."

धाकटी गायची थांबली. "ताई, तुझी पेटी बंद पडलीय."

"मरू दे ती पेटी!"

मित्रांनो, आयुष्यभर माझं कौतुक ऐकलं, पण या चार शब्दांइतकं सुख मला कशानेच झालं नाही. मग दोघी रडत आणि नाक पुसत पुढे गेल्या. ताई गुडघे टेकून इतका वेळ बसली की गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. त्या आठवड्यात धाकटी गेली, ती ताईला कडकडून भेटून गेली. माझा पट्टाही बदलला. आणि ताईचे पाय नंतर इतके हलके झाले की वाजवताना मला डुलकी लागायची.

आता ताई नाही. शाळेत शिकवणारी एक मुलगी मला वाजवते, छान वाजवते. गेल्या समर्पणाच्या उपासनेला सगळे पुढे गेले आणि ती स्टुलावरच बसून होती. "वाजवणारीला सूट," कुणीतरी म्हणालं. तिची बोटं माझ्या पट्ट्यांवर होती. ती गार होती, मित्रांनो.

म्हणून मागणं मागते. मला पुसा, वाळवीपासून जपा, माझ्यावर बाटल्या ठेवू नका. यातलं काही जमलं नाही तरी चालेल. पण त्या शेवटच्या गाण्याला माझं झाकण लावा. गाणं बेसूर होईल, होऊ दे. तिला उठवा.